करणी, कृपादान आणि जाऊबाईंचं ताट

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘माझं वय 34. माहेर सावंतवाडीकडे, शाळा मराठी, म्हणून मराठीत लिहिते. सासर गोव्यात, बारदेशात, कॅथलिक घर. नवरा बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. घरी सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा. चूल एकच. दोन वर्षांत माझा दोनदा गर्भपात झाला. दुसऱ्या वेळी मध्यरात्री त्रास सुरू झाला, तेव्हा जाऊबाईंनीच गाडी आणली आणि इस्पितळात दोन रात्री माझ्या खाटेशेजारी चटई टाकून झोपल्या. पुढे सासूबाई मला घाड्याकडे, म्हणजे करणी-बाधा सांगणाऱ्या भगताकडे, घेऊन गेल्या. त्याने “करणी आहे, घरातलंच माणूस आहे” असं सांगून काळा दोरा दिला. मला ते पटलं नाही, म्हणून मैत्रिणीबरोबर एका प्रार्थनासभेला गेले. तिथल्या एका बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी खालीच पडले. मी काही न सांगता त्यांनी माझी दोन बाळं गेल्याचं सांगितलं, दुसऱ्याचा महिनाही सांगितला. म्हणाल्या, “तुझी कूस बांधली आहे. तुझ्याच चुलीवर जेवणारी आहे. नाव स वरून. प्रभूने मला दाखवलं.” जाऊबाईंचं नाव स वरूनच आहे. बाईंनी तेलाची बाटली दिली, सात शुक्रवार उपास सांगितला, 21 हजार रुपये विश्वासाचं दान म्हणून द्यायला सांगितले आणि थायरॉइडची गोळी बंद करायला लावली. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं त्या म्हणतात. मी 6 हजार दिले आहेत, गोळी बंद करून तीन आठवडे झाले. जाऊबाईंच्या हातचं मी खात नाही. त्यांचा मुलगा सकाळी चहात बुडवलेली पोई (गोव्याचा पाव) घेऊन माझ्या खोलीत यायचा, आता मी दाराला कडी लावते. नवरा फोनवर म्हणतो, चूल वेगळी कर. आणखी एक. मला स्वप्नं पडतात. सासरे विहिरीपाशी पडले ते मी आठवडाभर आधी स्वप्नात पाहिलं होतं. त्या बाई म्हणतात हे भविष्यवाणीचं दान आहे, सासूबाई म्हणतात हे वाईट वारं आहे. त्या बाईंना इतकं खरं कसं कळलं? ते देवाकडून असेल आणि मी ऐकलं नाही, तर? आणि माझ्यात जे आहे ते दान की चेटूक?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्या बाईंचा विचार करत वाचलं, दुसऱ्यांदा तुमच्या स्वप्नांचा. तिसऱ्यांदा चटईपाशी थांबले. जाऊबाई दोन रात्री चटई टाकून तुमच्या खाटेशेजारी झोपल्या, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. स अक्षराला मात्र तुम्ही अख्खं पान दिलं आहे. जे डोळ्यांनी पाहिलं ते मागे पडलं आणि जे दुसऱ्याने सांगितलं ते पुढे आलं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे गैरसमज नको. पवित्र आत्म्याची दानं मी मानते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायात ज्ञानाचं वचन, आरोग्य देण्याची दानं, संदेश देण्याची शक्ती, आत्मे ओळखण्याची शक्ती, भाषा, भाषांचा अर्थ अशी यादी आहे, आणि ती फक्त त्या काळापुरती होती असं मला वाटत नाही. आपल्याच भाषेच्या मुलखात, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 साली मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या, अनोळखी भाषांत बोलत होत्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या त्या मुली. रात्री प्रार्थना आणि सकाळी शिक्षण, दळण, हातमाग, छापखाना, सगळं एकाच अंगणात चालू होतं. म्हणून प्रार्थनेत कोणाला काही उमगलं असं म्हटलं, तर मी लगेच मान हलवून मोडीत काढणार नाही. चेटूक, जादू, शकुन हे सगळं बायबलही गंभीरपणे घेतं. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात दैवज्ञ, शकुन पाहणारा, मंत्रतंत्र करणारा, मेलेल्यांना विचारणारा अशी एकेकाची नावं घेऊन मनाई केली आहे, आणि गलतीकरांच्या पत्रात चेटकं ही वैर, कलह, मत्सर यांच्याच ओळीत येतात.

तुमच्या प्रश्नाच्या तळाशी मात्र एक गृहीत आहे. जे खरं निघालं ते देवाकडूनच आलं असणार, असं तुम्ही धरून चालला आहात. बायबल असं म्हणत नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 काढून वाचा. फिलिप्पै शहरात एक दासी आहे, तिच्यात भविष्य सांगणारा आत्मा आहे आणि तिच्या जोरावर तिचे धनी बक्कळ पैसा मिळवतात. ती पौलाच्या मागे बरेच दिवस ओरडत फिरते की हे परात्पर देवाचे दास आहेत, तारणाचा मार्ग सांगतात. यातला शब्द न शब्द खरा आहे. तरी पौल त्या आत्म्याला निघून जायला सांगतो. त्यानंतर धन्यांनी काय केलं? मुलगी मोकळी झाली याचा आनंद कोणालाच नाही. मिळकत बुडाली म्हणून त्यांनी पौल आणि सीला यांना ओढत बाजारात नेलं. अनुवादाचा 13वा अध्याय तर आणखी पुढे जातो. एखाद्याने सांगितलेलं चिन्ह खरं ठरलं, तरी तो तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका, असं तिथे स्पष्ट आहे. शौल राजा वेष बदलून रात्री मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे गेला, त्याला मिळालेलं उत्तरही तंतोतंत खरं होतं. त्याने त्याचं काय भलं झालं? तो जमिनीवर सपशेल पडला, इतकंच.

मग त्या बाईंना कळलं कसं? मी तिथे नव्हते, म्हणून त्यांच्यावर आळ घेणार नाही. पण काही साधे प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. तुम्हाला घेऊन गेलेल्या मैत्रिणीने आधी प्रार्थनेसाठी तुमचं नाव आणि कारण कुठे कळवलं होतं का? व्हॉट्सअॅपवरच्या प्रार्थनाविनंत्या किती जण वाचतात? तिशी ओलांडलेली, मूल नसलेली, डोळे भरून आलेली बाई समोर उभी असताना तिचं दुःख काय असेल हे ओळखायला किती लागतं? आणि स. आपल्या घरांतल्या बायकांची नावं आठवा. सुनीता, संगीता, सेलिना, सांद्रा, सुजाता, सेबी. स नसलेलं एकत्र कुटुंब शोधावं लागेल. यातलं काहीच झालं नसेल, त्यांना खरोखरच काही उमगलं असेल, असंही धरून चाला. तरीही तुमची बाळं गेली हे कळणं एक आणि ती कोणी घालवली हे सांगणं दुसरं. पहिलं खरं ठरलं म्हणून दुसरं आपोआप खरं ठरत नाही. तुम्ही पहिल्याचा हात धरून दुसऱ्याला घरात घेतलंत.

डोक्यावर हात पडताच तुम्ही खाली पडलात, याबद्दलही थोडं. तुमच्याच बारदेशातल्या कांदोळीत 1756 साली जन्मलेले एक पाद्री, आबे फारिया. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला त्यांचा पुतळा तुम्ही नक्की पाहिला असेल, हात उगारून उभे आहेत आणि समोर एक बाई कोसळते आहे. पॅरिसमध्ये 1813 पासून ते लोकांना शब्दाने झोपवून दाखवत. त्या काळी समज असा होता की झोपवणाऱ्याच्या अंगात काहीतरी अदृश्य शक्ती असते. फारियांनी उलटं सांगितलं. शक्ती माझ्यात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे, त्याच्या अपेक्षेत आणि एकाग्रतेत आहे. एवढा मान मिळत असताना ‘माझ्यात काही नाही’ म्हणणारा पाद्री, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. तेव्हा तुम्ही पडलात, यावरून देव होता असंही ठरत नाही आणि भूत होतं असंही नाही. तुम्ही थकलेल्या होतात, रात्री झोप नव्हती, आजूबाजूला बाकीचे पडत होते, आणि कोणीतरी मायेने डोक्यावर हात ठेवला. तिथे पडणं पाप नाही, आणि तो पुरावाही नाही.

मग खरं दान ओळखायचं कसं? माझ्या मनात यासाठी एक प्रसंग पक्का बसला आहे. कृत्यांच्या 11व्या अध्यायात अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियात उठून सांगतो की मोठा दुष्काळ पडणार आहे. ऐकणाऱ्यांनी काय केलं ते बघा. दुष्काळ कोणाच्या पापामुळे, कोणी शाप दिला, असं एकानेही विचारलं नाही. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे काढले आणि यहूदीयातल्या बंधुजनांना पाठवून दिले. आत्म्याचा शब्द आला आणि लोकांचे हात खिशाकडे गेले, तेही दुसऱ्याच्या पोटासाठी. तुमच्या बाबतीत शब्द आला आणि काय झालं? एका चार वर्षांच्या पोराच्या तोंडावर दार लागलं.

योहानाच्या 9व्या अध्यायात जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. ‘कोणी केलं’ हा प्रश्नच तो हातात घेत नाही. तो थुंकीने चिखल करतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. आणि इफिसकरांस पौल लिहितो, ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे.’ याहून सरळ काय सांगायचं? अदृश्य जगात लढाई आहे असं तुम्ही मानत असाल, तर बायबलच्याच म्हणण्याप्रमाणे तुमची जाऊ त्या लढाईत शत्रू असूच शकत नाही. ती रक्तमांसाची बाई आहे. करणी खरी आहे असं धरून चाललं तरी हे बदलत नाही. बलाम नावाच्या दैवज्ञाला इस्राएलला शाप द्यायला पैसे देऊन बोलावलं होतं, आणि त्याच्या तोंडून शाप निघेचना. नीतिसूत्रांच्या 26व्या अध्यायात म्हटलं आहे की विनाकारण दिलेला शाप भिरभिरणाऱ्या चिमणीसारखा असतो, तो कुठे बसत नाही. ज्या देवाच्या नावाने तुम्ही रोज संध्याकाळी तेर्साला, जपमाळेच्या प्रार्थनेला, बसता, त्याच्या हातातून तुमची कूस एका दोऱ्याने नाहीतर लिंबाने कोणी काढून घेईल, हे तुम्ही मानता का? मनापासून विचारते आहे.

पैशाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण इथे शंकेला जागा नाही. ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या,’ हे येशूने शिष्यांना रोगी बरे करायला पाठवतानाच सांगितलं. शमरोनातला जादूगार शिमोन आत्म्याची शक्ती विकत घ्यायला पैसे घेऊन आला, तेव्हा पेत्राने त्याला असं झापलं की ते वाचताना आजही कानाला झोंबतं. कोड असलेला नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याच्याकडून काही घेतलं नाही. त्याच्या चाकराने, गेहजीने, मागून धावत जाऊन घेतलं आणि नामानाचा कोड त्याच्याच अंगाला चिकटला. देवळाला, इगर्जीला, गरिबाला खुशीने दिलेलं दान वेगळं. बरं करण्याची किंमत म्हणून ठरवून मागितलेली रक्कम वेगळी. उरलेले 15 हजार देऊ नका. गेलेल्या 6 हजारांसाठी मन कुढू नका. इफिसात जादू करणाऱ्यांनी विश्वास ठेवल्यावर आपली पुस्तकं चौकात जाळली, त्यांची किंमत 50,000 रुप्याची नाणी भरली. एक नाणं म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची कमाई. पैसे वसूल करायला ती विकावीत, असं त्यांच्या मनात आलं नाही.

आता गोळी. इथे मी विनवणी करते आहे. हा सगळा मजकूर वाचून संपायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि तीन आठवडे गोळी बंद होती असं खरं खरं सांगा. थायरॉइडची गोळी थांबवली की त्याच दिवशी काही जाणवत नाही, शरीरातलं औषध हळूहळू उतरत जातं. म्हणून ‘बघ, गोळी सोडली तरी काही झालं नाही’ असं वाटतं. पण थायरॉइड कमी पडत असताना उपचार न घेतल्याने गर्भपाताचा धोका वाढतो, हे वैद्यकात पक्कं ठाऊक आहे. म्हणजे तुमची कूस भरावी म्हणून सांगितलेला उपाय त्या कुशीलाच धोका देतो आहे. गर्भ राहिल्याचं कळलेल्या दर 100 वेळांपैकी साधारण 10 ते 20 वेळा तो पडतो. सुरुवातीच्या महिन्यांत पडलेल्यांत बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष कारण असतो. त्यात आईने काय खाल्लं, कोणाच्या हातचं खाल्लं, याचा संबंध नसतो. दोनदा झालं असेल तर थायरॉइड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी, अँटिफॉस्फोलिपिड नावाची रक्ततपासणी हे करून घ्यायला हवं. कुठे जायचं ते ठरत नसेल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहेच. आणि दोनदा असं झालेल्या बहुतेक बायकांना पुढे मूल होतं. हे तुम्हाला अजून कोणी सांगितलं नसेल असं वाटतं.

औषध म्हणजे अविश्वास, हे बायबलात कुठे आहे ते त्या बाईंनी दाखवावं. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. त्याच पौलाने त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेत गावी आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आपल्या कॅथलिक बायबलातल्या सिराकच्या ग्रंथात, 38व्या अध्यायात, वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केलं आहे, असं लिहिलं आहे. तिथे प्रार्थना आणि वैद्य एकामागून एक येतात, भांडत नाहीत.

सासूबाईंवर मात्र रागावू नका. मीठ-मिरची ओवाळून दिष्ट काढणाऱ्या आजीच्या हाताखाली मीही वाढले. त्या हातात माया होती, हे मी कधीच नाकारणार नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, 2117व्या परिच्छेदात, जादूटोणा बरं होण्यासाठी असला तरी तो चुकीचाच, आणि ताईत बांधणंही गैर, असं सांगितलं आहे. तेव्हा काळा दोरा काढा, पण त्यांच्यासमोर तोडून फेकू नका. ‘आई, तुम्ही माझ्यासाठी धावलात हे मला कळतं. आता फादरांकडे चला माझ्याबरोबर,’ एवढं म्हणा. एन-दोरच्या त्या बाईची गोष्ट मी वर अर्धीच सांगितली. शौल घाबरून, दिवसभर उपाशी, जमिनीवर पडला होता. तिने आपलं पोसलेलं वासरू कापलं, कणीक मळून भाकरी भाजल्या आणि त्याला बळेबळे जेवू घातलं. ती जे करत होती त्याला बायबल मान्यता देत नाही. तिची भाकरी मात्र लिहून ठेवतं.

नाव घेणं किती महाग पडतं, हे आपण गोंयकारांनी तरी विसरू नये. 1774 ते 1778 ही चार वर्षं सोडली तर 1560 पासून 1812 पर्यंत इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव सांगावं, घरच्याने घरच्याचं सांगावं, अशी सक्ती होती. 1736च्या फर्मानाने तर लग्नातल्या विड्यापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत सगळं संशयात घातलं. ‘प्रभूने दाखवलं, तुझ्याच चुलीवरची आहे’ हे वाक्य मी वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं.

आणि दुसऱ्यांदा माझी मावशी आठवली. तिच्या मुलाचा ताप उतरेना, तेव्हा घाड्याने तांदळाचे दाणे मोजून सांगितलं, उगवतीकडचं घर. उगवतीला एकच घर होतं. त्या शेजारणीने नाताळात नेवऱ्या, दोदोल घालून ताट पाठवलं, ते मावशीने उंबऱ्यावरूनच परत केलं. पुढे 11 वर्षं दोघी बोलल्या नाहीत. मावशी दूरच्या विहिरीवरून पाणी आणायची. म्हातारपणी ती मला म्हणाली, ‘तिने काही केलं नव्हतं, हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. पण परत जायला तोंड नव्हतं.’ ताई, तुम्हाला अजून तोंड आहे. तीनच आठवडे झालेत.

म्हणून उद्या सकाळी कडी काढा. मुलगा आला तर त्याच्या हातची पोई खा. नाही आला तर तुम्ही त्याच्याकडे जा. दुपारी जाऊबाईंनी वाढलेलं ताट घ्या. भीती गेल्यावर खाईन असं म्हणू नका, ती खाताना कमी होते. संशयाचं सगळं त्यांना सांगून टाकावं का? यावर मी बराच विचार केला. त्यांच्या कानावर काहीच गेलं नसेल, तर ‘मी तुमच्यावर करणीचा संशय घेतला’ हे ओझं त्यांच्या डोक्यावर टाकू नका. ते फादरांकडे, पापनिवेदनात बोला. पण मला वाटतं त्यांना कळलं आहे. एका चुलीवर कोण जेवत नाही हे न कळणारी बाई मी पाहिलेली नाही. तसं असेल तर आडपडदा नको. ‘मी दुःखात होते, कोणीतरी काहीबाही सांगितलं, मी ऐकलं, माझं चुकलं,’ एवढंच पुरे. ‘कोणीतरी’ कोण हे त्यांनी विचारलं, तर सासूबाईंचं नाव घेऊ नका.

नवऱ्याच्या चूल वेगळी करण्याबद्दल: ते समुद्रावरून बोलताहेत, घरात काय चाललंय ते त्यांना तुमच्या तोंडून अर्धंच कळलं आहे. चूल वेगळी करण्यात वाईट काही नाही, जागा, पैसा, सोय यासाठी लोक करतातच. संशयापोटी केलीत तर मधल्या भिंतीतून तो संशय झिरपत राहील. ते घरी येईपर्यंत थांबा. पण गोळी सोडल्याचं आणि 6 हजारांचं आजच्याच फोनवर सांगा.

प्रार्थनासभेला जाणं सोडावं का? ही सभा सोडा, हो. प्रार्थना सोडू नका. दुसरीकडे जाल तिथे, आणि हे असं पत्र लिहू पाहणाऱ्या बाकीच्यांनीही, काही गोष्टी नीट बघाव्यात. करिंथकरांच्या त्याच पहिल्या पत्रात पौल सांगतो की दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. जिथे ‘हे मला पटत नाही’ असं उभं राहून म्हणता येतं, तिथे बसायला हरकत नाही. जिथे शंका म्हणजे बंड ठरतं, जिथे घरच्या माणसाचं नाव किंवा नावाचं अक्षर दिलं जातं, जिथे डॉक्टर सोडायला लावतात, तिथून चपला घालून निघावं. त्याच पत्रात पौल संदेशाची तीन कामं सांगतो: उन्नती, उत्तेजन, सांत्वन. तुमच्या आतापर्यंतच्या शुक्रवारांत सांत्वन किती मिळालं, ते तुम्हीच मोजा. आणि कोणाला खरोखर भूतबाधेची शंका असेल, तरी चर्चची रीत ठरलेली आहे. विधिपूर्वक भूत काढणं बिशपांच्या परवानगीनेच होतं, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना हे पाहावंच लागतं.

आता तुमची स्वप्नं. मी ती खोटी म्हणत नाही. सासऱ्यांचं स्वप्न पडण्याआधी त्यांचा तोल जाताना, विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरताना तुम्ही कधी पाहिलं होतं का? काळजी करणारं मन झोपेतही काळजी करतं, आणि काळजी कधी कधी बरोबर निघते. हे एक. दुसरं, आजवर पडलेली आणि खरी न झालेली स्वप्नं तुम्ही मोजली आहेत का? एक वही करा. उठल्याबरोबर तारीख घालून स्वप्न लिहा, वर्षभर. खरं झाल्यावर आठवलेलं स्वप्न आणि आधी लिहून ठेवलेलं स्वप्न यांत फरक पडतो. वही कोणालाही दाखवायची नाही, फक्त एका जाणत्या, तोंड मिटून ठेवणाऱ्या व्यक्तीला. योसेफाने सतराव्या वर्षी आपली स्वप्नं भावांना भडाभडा सांगितली आणि विहिरीत पडला. तुरुंगात पोचल्यावर तोच म्हणाला, अर्थ सांगणं देवाकडे असतं. मरियेने सगळं आपल्या अंतःकरणात ठेवलं.

‘थेस्सलनीकाकरांस’ पत्रात दोन्ही गोष्टी शेजारी आहेत. आत्म्याला विझवू नका, आणि ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.’ तुमच्या बाबतीत पारख कशी करायची ते सांगते. पुढचं स्वप्न पडलं की ‘यात मी काय करू शकते’ एवढंच विचारा. सासरे पडताना दिसले, तेव्हा पायरी घासून काढणं, दोर बांधणं, ‘बाबा, मी पाणी आणते’ म्हणणं, हे तुमच्या हातात होतं. असं काही सुचवणारं स्वप्न देवाकडून आलं की तुमच्या काळजीतून, याची चिंता नको, पायरी घासा. स्वप्नात एखाद्याचं तोंड दिसून त्याच्याविषयी भीती किंवा राग दाटला, तर ते वहीत राहू द्या आणि त्या माणसासाठी प्रार्थना करा. त्यावरून काही कृती करू नका. तुमच्या स्वप्नांचं ‘प्रशिक्षण’ देऊ, असं सांगून कोणी पुढे पैसे मागितले, तर शिमोन आठवा.

शेवटची एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नाही तरी. दोन बाळांचा उल्लेख तुमच्या पत्रात एका ओळीत आहे. घाडी, प्रार्थना, तेल, दोरा, उपास, या धावपळीत कोणी तुम्हाला बसवून रडू दिलं का? माझा अंदाज आहे की नाही. ‘कोणी केलं’ हे शोधत राहिलं की रडायला वेळ उरत नाही, आणि काही वेळा माणूस त्यासाठीच शोधत राहतं. तुमच्या फादरांना विचारून त्या दोघांसाठी मिस्सा ठेवा. मनात त्यांना नावं दिली असतील तर ती फादरांना सांगा. नोव्हेंबरच्या 2 तारखेला सगळा गाव सिमितेरीत मेणबत्त्या घेऊन जाईल, तुम्हीही दोन घेऊन जा. त्या दिवशी तिथे वारा फार असतो, एकट्याने लावताना विझतात. जाऊबाईंना बरोबर यायला सांगा.